गोळी पुंगळीत किती खोल बसवायची?

हाताने काडतुसं भरायला नुकती सुरुवात केलेला माणूस बंदुकीच्या दारूच्या वजनात सगळा जीव ओततो. काट्यावर एकेक दाणा टाकतो, उचलतो, पुन्हा टाकतो. गोळी पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणात, बसवायची वेळ आली की मात्र मॅन्युअलमध्ये छापलेली लांबी डायवर, म्हणजे गोळी दाबून बसवणाऱ्या साच्यावर, लावतो आणि भराभर हँडल ओढत सुटतो. मीही कितीतरी दिवस तेच केलं. दारूचं वजन ग्रेनच्या (दारू आणि गोळी तोलायचं बारीक एकक) दहाव्या भागापर्यंत सांभाळलं, पण गोळी आट्यांपासून, म्हणजे नळीच्या आत पीळ देत जाणाऱ्या खाचा-उंचवट्यांपासून, किती लांब उभी आहे हे कधी पाहिलंच नव्हतं.

पुढचं सगळं बोल्ट-ॲक्शन रायफल, म्हणजे जिचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारी दांडी) हाताने मागेपुढे करायचा ती, डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. हाताने काडतुसं भरायला जिथे कायद्याची परवानगी आहे आणि तुमच्याकडे रीतसर परवाना आहे, तिथल्यासाठीच हे आहे. दारू किती टाकायची ते इथे सापडणार नाही. ते तुमच्या गोळीच्या आणि दारूच्या कंपनीच्या ताज्या मॅन्युअलमधून घ्यायचं, आणि सुरुवात नेहमी तिथल्या सर्वांत कमी आकड्यापासून करायची.

मोजायचं काय?

काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, बसलं की पुंगळीची मान जिथे संपते तिथे लगेच आटे सुरू होत नाहीत. मध्ये थोडा गुळगुळीत भाग असतो, त्याला फ्रीबोअर म्हणतात. त्याच्या पुढे आट्यांचे उंचवटे हळूहळू वर येतात. चाप ओढल्यावर गोळी मानेतून सुटते, हा गुळगुळीत भाग ओलांडते आणि मग उंचवट्यांत रुतते. या मोकळ्या प्रवासाला सगळे जंप म्हणतात. आपण साधं उडी म्हणू. गोळी आधीपासूनच आट्यांना टेकवून थोडी दाबलेली असेल तर तो जॅम.

उडी किती आहे यावर दोन गोष्टी ठरतात. एक म्हणजे गोळी आट्यांत शिरताना सरळ शिरते की किंचित तिरकी. दुसरी म्हणजे सुरुवातीच्या क्षणी चेंबरमध्ये दाब कसा चढतो. दोन्हींचा परिणाम थेट कागदावरच्या भोकांमध्ये दिसतो.

उडी मोजायची कुठून, इथे बहुतेकांची पहिली चूक होते. काडतुसाची एकूण लांबी, म्हणजे बुडापासून टोकापर्यंतचं अंतर, हा आकडा मॅगझिनपुरता (रायफलीतली काडतुसांची पेटी) कामाचा आहे. आट्यांशी टोकाचा संबंधच येत नाही, कारण टोक नळीच्या पोकळीत अधांतरी असतं. आट्यांना टेकतो तो गोळीच्या नाकाचा फुगीर भाग, ज्याला ओजाइव्ह म्हणतात. पटत नसेल तर एकाच डब्यातल्या पोकळ टोकाच्या दहा मॅच गोळ्या कॅलिपरवर टोकापासून मोजा. दहा थाउचा फरक सहज दिसेल. मग त्याच गोळ्या कंपॅरेटर लावून बुडापासून ओजाइव्हपर्यंत मोजा. फरक एक-दोन थाउवर येईल. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिमी. साध्या कागदाची जाडी साधारण चार थाउ भरते, म्हणजे आपण किती बारीक कामाबद्दल बोलतोय ते लक्षात येईल.

कंपॅरेटर म्हणजे कॅलिपरच्या जबड्यावर बसणारा, ठराविक व्यासाचं भोक असलेला एक छोटा तुकडा. त्याचा आकडा फक्त तुमच्या त्याच तुकड्यापुरता खरा असतो. दुसऱ्या कंपनीच्या तुकड्याचं भोक केसभर मोठं असेल तर तीच गोळी वेगळा आकडा दाखवते. म्हणून दुसऱ्या कुणाचा ओजाइव्हचा आकडा उचलून आपल्या डायला लावू नका. तो त्याच्या नळीचा आणि त्याच्या कंपॅरेटरचा असतो.

पायरी पहिली: मॅगझिन

कॅलिपरने मॅगझिनची आतली लांबी मोजा आणि त्यातून 20 थाउ वजा करा. काडतूस त्याहून लांब झालं तर ते पुढच्या भिंतीला घासून अडकेल, आणि नेमकं दुसरा शॉट घाईत हवा असेल तेव्हाच अडकेल. काडतुसं एकेक करून हाताने चेंबरमध्ये टाकणाऱ्या बेंचरेस्टवाल्यांना (टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी करणाऱ्यांना) ही अट नाही.

अमेरिकेत 1926 पासून काम करणाऱ्या सॅमी या मानक संस्थेने प्रत्येक काडतुसाची कमाल एकूण लांबी ठरवून दिली आहे. .223 रेमिंग्टनला 2.260 इंच (57.40 मिमी), .308 विंचेस्टरला 2.810 इंच (71.37 मिमी), .30-06 ला 3.340 इंच (84.84 मिमी). कुठल्याही कारखान्याचं काडतूस त्या कॅलिबरच्या कुठल्याही रायफलमध्ये बसावं, यासाठी हे आकडे आहेत. तुमच्या एका नळीला काय मानवतं, याचं उत्तर त्यांत नाही.

पायरी दुसरी: आटे कुठे आहेत ते शोधणं

इथे वेळ घालवा. बाकी सगळं या एका आकड्यावर उभं आहे.

सर्वांत साधी रीत क्लीनिंग रॉडची. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. बोल्ट बंद करून सपाट टोकाचा रॉड नळीच्या तोंडातून आत सोडा, बोल्टच्या तोंडाला टेकवा आणि नळीच्या कडेशी रॉडवर ब्लेडने बारीक खूण करा. मग बोल्ट काढा, एक सुटी गोळी चेंबरमधून पुढे सरकवा आणि पेन्सिलीने हलकेच आट्यांना टेकवून धरा. रॉड पुन्हा आत, गोळीच्या टोकापर्यंत, आणि दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे आट्यांना टेकलेल्या त्या गोळीसकट एकूण लांबी. फुकटात होतं. पण हात थोडा जड पडला की गोळी आट्यांत रुतते आणि आकडा पाच-दहा थाउने पुढे जातो.

दुसरी रीत गेजची. बुडाला स्क्रूसारखे आटे पाडलेली एक पुंगळी दांडीवर बसवतात, तिच्या मानेत गोळी सैल ठेवतात आणि दांडीने गोळी पुढे ढकलून आट्यांना टेकली की स्क्रू आवळतात. काम झटपट होतं, पण एक खाच आहे. विकत मिळणारी पुंगळी न झाडलेली असते, तिचा खांदा तुमच्या चेंबरमध्ये झाडलेल्या पुंगळीपेक्षा दोन-चार थाउ मागे असतो. तेवढी चूक मापात येते. तुमच्याच चेंबरमध्ये झाडलेल्या एका पुंगळीच्या बुडाला लेथवर तसेच आटे पाडून घेतले की हा प्रश्न संपतो. मी पाच वेळा मोजतो आणि मधला आकडा धरतो. पाचही आकडे दोन थाउच्या आत आले नाहीत तर चेंबर घाण आहे किंवा माझा हात चुकतोय. दोन्हींवर उपाय एकच: चेंबर साफ करून पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी रीत माझ्या आवडीची. बोल्टमधून फायरिंग पिन (प्राइमरवर आदळणारी सुई) आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून टाका. आता हँडल नुसत्या वजनाने खाली पडायला हवं. तुमच्या चेंबरमध्ये झाडलेली, नेहमीप्रमाणे साइज केलेली, म्हणजे डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणलेली, पुंगळी घ्या. आत ना प्राइमर (दारू पेटवणारी टोपी), ना दारू. तिच्यात गोळी मुद्दाम लांब बसवा. बोल्ट लावा. हँडल अर्ध्यावर अडेल, कारण गोळी आट्यांत घुसतेय. बाहेर काढा, डायने तीन थाउ खोल बसवा, पुन्हा लावा. असं करत गेलात की एका टप्प्यावर हँडल खाली पडतं, पण उचलताना बोटांना एक हलकीशी टक् जाणवते. ती गोळी आट्यांतून सुटल्याची. मग एकेक थाउ खोल जा. ज्या मापावर ती टक् पूर्ण नाहीशी होते, तिथे आटे सुरू होतात. कंपॅरेटरने तो आकडा घ्या आणि वहीत लिहा, सोबत गोळीचा लॉट नंबर आणि आजवर नळीतून गेलेल्या फेऱ्याही.

खात्री हवी असेल तर तीच डमी, म्हणजे ते दारू नसलेलं काडतूस, काळ्या मार्करने रंगवून पाहा. जॅम असेल तर रंगावर समान अंतरावर छोटे चौकोनी ओरखडे उमटतात, नळीत जितके उंचवटे तितके. ओरखडे लांबट दिसले तर गोळी चांगलीच आत गेलेली होती.

पायरी तिसरी: गोळीचा आकार पाहणं

सगळ्या गोळ्या उडीबाबत सारख्या हळव्या नसतात. ज्यांच्या नाकाचा गोलावा दंडाशी, म्हणजे गोळीच्या सरळ भागाशी, गुळगुळीत मिसळतो, त्या टँजंट गोळ्या मनाने दिलदार. 20 थाउ असो वा 70, त्या फारशी कुरकुर करत नाहीत. ज्यांचा गोलावा एकदम कोनात सुरू होतो, त्या सीकंट, म्हणजे व्हीएलडी (व्हेरी लो ड्रॅग) जातीच्या. त्यांच्यावर हवेचा रोध कमी, पण नखरे जास्त. हायब्रिड या दोघींच्या मधल्या. आणि पूर्ण तांब्याच्या शिकारी गोळ्यांना बहुधा लांब उडी मानवते. त्या टणक असतात, आट्यांना चिकटवल्या तर दाब झटकन चढतो. त्यांच्यासाठी मी 50 थाउच्या आत सुरुवात करत नाही.

नळकांड्यासारखं मॅगझिन असलेल्या लिव्हर-ॲक्शन रायफलमध्ये हा सगळा खटाटोप बाद. तिथे गोळीवरच्या खाचेत मान क्रिंप करायची, म्हणजे दाबून आवळायची, आणि खोली त्या खाचेनेच ठरते.

पायरी चौथी: मर्यादा जुळवणं

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, उतरवून घेऊ नका. .308 ची रायफल, 175 ग्रेनची टँजंट गोळी. आट्यांना टेकते ती ओजाइव्हपर्यंत 2.240 इंचावर, तेव्हा एकूण लांबी 2.855. मॅगझिन आतून 2.870, म्हणजे आपली हद्द 2.850. म्हणजे आट्यांना टेकवून काडतूस मॅगझिनमध्ये जाणारच नाही. 20 थाउ उडी ठेवली तर ओजाइव्हचा आकडा 2.220 आणि एकूण 2.835. हे आरामात बसतं.

तिसरी मर्यादा मानेच्या पकडीची. गोळीचा सरळ दंड मानेत साधारण तिच्या व्यासाइतका तरी धरलेला असावा, असा जुना ठोकताळा आहे. .308 ची मान जेमतेम तेवढीच लांब असते, त्यामुळे तिथे हा नियम थोडा सैल सोडावा लागतो. काही रायफलींचं फ्रीबोअर कारखान्यातूनच इतकं लांब असतं की आट्यांपर्यंत पोचेपर्यंत गोळी मानेतून निसटायला येते. जुन्या वेदरबी मॅग्नम रायफली यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे आट्यांचा पाठलाग सोडून द्यायचा आणि मोठी उडी मुकाट मान्य करायची.

दुसऱ्या टोकालाही लक्ष असू द्या. गोळी इतकी खोल नको की तिचं निमुळतं बूड सोडून सरळ दंडच मान-खांद्याच्या जोडाखाली उतरेल. वारंवार वापरलेल्या पुंगळीत त्या जोडाशी आतून पितळेची एक कडी तयार होते. ती दंडाला चिमटा काढते आणि प्रत्येक काडतुसाची पकड वेगळी होऊन बसते.

पायरी पाचवी: डाय लावणं

सीटिंग डायची दांडी गोळीला ओजाइव्हवर दाबते, पण कंपॅरेटर टेकतो त्यापेक्षा थोडं वर, टोकाच्या बाजूला. त्यामुळे डाय न हलवताही एक-दोन थाउचा फरक येत राहतो. तो सोसायचा. लांब टोकदार गोळ्यांचं टोक दांडीच्या तळाला टेकत असेल तर मात्र फरक वाढतो, गोळीवर वर्तुळाकार वळ उठतो आणि त्या आकाराची वेगळी दांडी घ्यावी लागते.

मायक्रोमीटर डाय असेल तर एक घर म्हणजे एक थाउ. साधी डाय असेल तर पहिली गोळी मुद्दाम लांब बसवा, मोजा, थोडं फिरवा, पुन्हा मोजा. पुंगळीचं तोंड आतून चॅम्फर केलेलं, म्हणजे कड तिरकी घासलेलं, नसेल तर गोळीचा तांब्याचा पापुद्रा सोलून निघतो. आणि हँडलवर हात ठेवून बसवताना लागणारा जोर जाणवू द्या. एखादी गोळी लोण्यात गेल्यासारखी गेली किंवा एखादीने फारच जोर मागितला, तर ते काडतूस चाचणीतून बाजूला काढा. तिथे मानेची पकड बदललेली असते, आणि नंतर कागदावर त्या शॉटचा दोष तुम्ही उडीवर लावाल.

पायरी सहावी: झाडून पाहणं

दारूचं प्रमाण आधी पक्कं करा, आणि ते कमाल मर्यादेच्या बरंच खाली असू द्या. आता बदलायची ती फक्त खोली. उदाहरणातल्या रायफलसाठी मी 20, 50, 80 आणि 110 थाउ अशा चार उड्या घेईन, म्हणजे ओजाइव्हचे आकडे 2.220, 2.190, 2.160 आणि 2.130. मोठ्या पावलांनी चालण्याची ही रीत बर्जर कंपनी आपल्या व्हीएलडी गोळ्यांसाठी सुचवते. स्पर्धेत जॅम चालत असेल तर त्यांची मापं 10 थाउ जॅम, मग 40, 80 आणि 120 थाउ उडी अशी आहेत. पहिल्याच दिवशी तीन-तीन थाउच्या पायऱ्या करत बसणारे बरेच भेटतात. ती काडतुसं आणि तो दिवस, दोन्ही वाया.

प्रत्येक मापाची किमान दहा काडतुसं भरा, पाच-पाचचे दोन गट. क्रम मिसळा. एका मापाचे पाच झाडले की दुसऱ्या मापाकडे वळा, म्हणजे तापलेल्या नळीचा आणि थकलेल्या खांद्याचा भार एकाच मापावर पडणार नाही. तीन शॉटच्या गटावर कधीच निर्णय घेऊ नका. एकाच भरणीचे तीन-तीन शॉटचे दहा गट झाडून पाहिले तर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या गटात दुप्पट-तिप्पट फरक सहज निघतो, आणि बदललेलं तर काहीच नसतं! खिशात तो एक सुंदर गट घेऊन फिरणाऱ्यांनी उरलेले नऊ गट कचऱ्यात टाकलेले असतात.

समजा 20 ला आणि 110 ला गट पसरले, 50 आणि 80 ला जवळजवळ सारखेच घट्ट आले. याचा अर्थ या नळीला 50 ते 80 पर्यंतचा रुंद पट्टा मानवतो. मधलं एक माप, 65, झाडून खात्री करा. ते पण चांगलं आलं तर काम झालं. एखादं माप एकटंच झळकलं आणि शेजारची दोन्ही वाईट आली, तर बहुतेक वेळा तो योगायोग असतो. खरा असला तरी त्या बिंदूवर टिकून राहणं अवघड. मी रुंद पट्टा निवडतो, त्यातला सर्वोत्तम गट किंचित मोठा असला तरी.

आता पट्ट्यातलं नेमकं कोणतं माप? लोक मध्य घेतात. मी आट्यांच्या जवळची कड घेतो, इथे 50. कारण लवकरच येईल.

दाब

आट्यांना टेकलेली किंवा रुतलेली गोळी सुरुवातीलाच अडते, त्यामुळे दाब वर जातो. उडी ठेवून बसवलेली भरणी तशीच ठेवून गोळी जॅमवर आणणं म्हणजे नवी भरणी करणं. दारू कमी करून पुन्हा खालून चढायचं. दुसऱ्या बाजूला, गोळी फार खोल गेली तर आतली जागा घटते आणि दाब पुन्हा चढू लागतो. लहान पुंगळ्यांत हे जास्त जाणवतं. बोल्ट उघडायला जड जाणं, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा, प्राइमर सपाट होणं, क्रोनोग्राफवर अपेक्षेपेक्षा जास्त वेग, यातलं एकही दिसलं तर तिथेच थांबायचं. उरलेली काडतुसं झाडायची नाहीत, उकलायची.

शिकारीच्या किंवा मॅगझिनमधून चालणाऱ्या रायफलीत जॅम नकोच. एकदा मी हट्टाने 10 थाउ जॅमची भरणी करून गेलो. शॉट न झाडता काडतूस काढायची वेळ आली. बोल्ट मागे ओढला तर हातात आली नुसती पुंगळी. गोळी आट्यांतच अडकून राहिली आणि सगळी दारू ॲक्शनमध्ये, मॅगझिनमध्ये, थेट चापाच्या यंत्रणेत सांडली. रॉडने गोळी मागे ठोकण्यात आणि दाणे वेचण्यात अख्खी दुपार गेली. एखादं जनावर समोर उभं असताना हे झालं असतं तर, हा विचार त्या दुपारी डोक्यातून जात नव्हता. त्यानंतर माझ्या मॅगझिनच्या रायफलीत 20 थाउपेक्षा कमी उडी कधी ठेवली नाही.

आटे पुढे सरकतात

प्रत्येक शॉटच्या तापलेल्या वायूने आट्यांची सुरुवात झिजते, म्हणजे आटे हळूहळू पुढे जातात. गोळीची खोली तशीच ठेवली तर उडी आपोआप वाढत राहते. आज 50, काही शे फेऱ्यांनंतर 60, मग 70. म्हणून पट्ट्याची आट्यांजवळची कड. नळी झिजेल तशी उडी 50 कडून 80 कडे सरकत जाते, आणि तोवर डायला हात लावावा लागत नाही. मधोमध सुरुवात केली असती तर अर्धी सवलत पहिल्याच दिवशी संपली असती.

दर दोन-तीनशे फेऱ्यांनी बोल्टची तीच चाचणी पुन्हा करा, त्याच लॉटच्या जपून ठेवलेल्या एका गोळीने. गोळ्यांचा नवा लॉट उघडला की दहा गोळ्या कंपॅरेटरवर घ्या. जुन्या लॉटशी पाच थाउपेक्षा जास्त फरक निघाला तर आटे टेकण्याचा आकडा नव्याने काढा आणि डाय त्यावरून लावा. जुना आकडा वहीत खोडू नका, त्याखाली तारखेसह नवा लिहा. माझ्या वहीत एका नळीचा हा आकडा 2.236 वरून 2.261 पर्यंत गेलेला दिसतो, आणि त्या सबंध काळात भरणी एकदाही बदललेली नाही.